अभंगातला 'दास' गाळू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मराठी ख्रिस्ती कवितेवर आलेला लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत याबद्दल आधी मनापासून आभार. नाताळचा आठवडा सोडला तर आमच्या कवितेची आठवण सहसा कुणाला होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या दोघांविषयीही लेखकाने आदरानेच लिहिले आहे. पण त्यातले एक विधान मनाला लागून राहिले. आशय बाहेरून आलेला, ओवी-अभंग हा त्याला चढवलेला मराठी पोशाख, असे ते म्हणतात. हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आमच्या मंडळीतही मी ते ऐकत आले आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून. शिकवण शुद्ध असली म्हणजे झाले, छंद कुठलाही घ्या, चाल कुठलीही लावा, असे आमचे लोक म्हणतात. देवाविषयीचा विचार आधीच पुरता तयार असतो आणि छंद नंतर त्यावर घालतात, अशी दोन्हीकडची समजूत आहे. मी इतकी वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि रविवारी उपासनेला पेटीवर बसले. मला हे पटत नाही. छंद हलला की प्रार्थनाही हलते, आणि ते कसे ते दाखवायला मी हे पत्र लिहिते आहे. लांबले तर सांभाळून घ्या.

आधी छपाईचे सांगते. लेखात फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या, म्हणजे बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या त्यांच्या ग्रंथाच्या, सुरुवातीच्या दोन ओव्या दिल्या आहेत, पण त्या परिच्छेदाच्या पोटात, गद्यासारख्या सलग. जागेची अडचण मी समजू शकते. पण ओवी अशी छापली की तिचा चौथा चरण दिसेनासा होतो, आणि स्टीफन्सना जे म्हणायचे आहे त्यातले बरेचसे त्या चौथ्या चरणात आहे. ओव्या अशा वाचायच्या:

ओं नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचिया रचणारा

तूं रिधीसिधीचा दातारु
कृपानिधी करुणाकरु
तूं सर्व सुखाचा सागरु
आदि अंतु नातुडे

कुणीही मोठ्याने म्हणून पाहावे. दुसऱ्या ओवीत दातारु, करुणाकरु, सागरु असे तीन यमकांचे ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला देवाचा एक एक गुण हाती येतो. तो देणारा आहे, करुणा करणारा आहे, सुखाचा सागर आहे. कान आता चौथ्या 'रु'ची वाट पाहू लागतो. तेवढ्यात चरण आखूड होतो, यमक येतच नाही, आणि शब्द येतात ते 'आदि अंतु नातुडे', म्हणजे तुझा आरंभ नि शेवट काही हाती लागत नाही. देव कवेत मावत नाही असे सांगायच्या क्षणीच यमकाची कवही सुटते. गुण मोजत गेलेला माणूस शेवटच्या पायरीवर थांबतो, आणि ते थांबणे त्याला आधी कानाने कळते, मग अर्थाने. हीच दोन वाक्ये गद्यात लिहा. माहिती सगळी राहील, पण हे थांबणे जाईल.

ओवीचा हा असा चौथा चरण ज्ञानदेवांच्या ओवीतही आहे. साडेतीन चरणांची ओवी असे आपण शाळेत शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते अर्धे चरण कशासाठी, हे मुलांना कुणी सांगत नाही. मीही पहिली काही वर्षे वह्यांत लक्षणच लिहून घेत असे. पुढे वर्गात ज्ञानेश्वरीतली आणि ख्रिस्तपुराणातली ओवी शेजारी शेजारी म्हणवून घेऊ लागले, तेव्हा मुलांचे कान आपोआप उभे राहिले. तीन चरणांत म्हणणे चढते, चौथ्यात ते खाली टेकते. ही टेकण्याची जागा श्रोत्याची असते. तिथे तो मान डोलावतो, 'हं' म्हणतो, मनात काही तरी ठेवून घेतो. पुराण ऐकायला बसलेल्या माणसाला ही सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे.

आता पहिली ओवी घ्या. ख्रिस्ती मतांगीकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती ऐकताक्षणी ओळखू येईल. सर्वसमर्थ देवपिता, स्वर्ग आणि पृथ्वी यांचा निर्माणकर्ता, यावर मी विश्वास ठेवतो, असे आम्ही उपासनेत उभे राहून म्हणतो. स्टीफन्सच्या ओवीत यातली प्रत्येक गोष्ट आहे. पिता आहे, सर्वसमर्थ आहे, स्वर्ग-पृथ्वी आहे, रचणारा आहे. नाही ते फक्त 'मी विश्वास ठेवतो'. त्याच्या जागी 'ओं नमो' आहे. मतांगीकारात मी उभी राहून देवाविषयी काही कबूल करते, देव तिथे तृतीय पुरुषात असतो. ओवीत मी वाकते आणि थेट त्याच्याशी बोलते: देवा, बापा, परमेश्वरा. मंगलाचरणाची रीतच तशी. ग्रंथ लिहिणाऱ्याने आधी नमन करायचे, हाक मारायची, मग कथा. स्टीफन्सनी मराठी ग्रंथाची ही रीत घेतली आणि मताची कबुली नमस्कार होऊन गेली. आमच्या धर्मात हे आधी नव्हते असे नाही, बायबलातली स्तोत्रसंहिता हाकांनी भरलेली आहे. पण मतांगीकाराचे पहिले वाक्य नमन होऊन यावे, हे ओवीने घडवले. याला पोशाख म्हणता येईल का, हे लेखकाने सांगावे.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये वारले तोवर आयुष्याची बरीचशी उमेद त्यांनी गोव्यातल्याच साष्टी भागात घालवली. जवळजवळ ११,००० ओव्यांचे हे पुराण १६१६ साली राशोलला छापले गेले, तेही रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. आमच्या घरी शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढलेली देवनागरी प्रत होती. माझ्या वडिलांनी तिला खाकी कागदाचे वेष्टन घातले होते. ईस्टरआधीच्या उपासकाळात रोज रात्री जेवणे आटोपल्यावर ते पडवीत बसून चार-दोन पाने म्हणत. वाचत नसत, म्हणत. शेजारचे भजनी बुवा अधूनमधून येऊन बसत आणि एखादी ओवी अडखळली की 'मास्तर, चौथो चरण घाईन घेतलात, पुन्हा म्हणा' असे हक्काने सांगत. बुवा ख्रिस्ती नव्हते, व्हायचा प्रश्नही नव्हता. पण ओवी कुठे श्वास घेते हे त्यांना वडिलांपेक्षा जास्त ठाऊक होते, आणि वडील ते मुकाट्याने ऐकत.

इथे कुणी मला थांबवून विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की बाई, हे पुराण कोणत्या दिवसांत लिहिले गेले? साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून होते. लोकांकडून त्यांची पुराणे काढून घेतली गेली आणि त्या रिकाम्या जागेत हे पुराण आले. हे खरे आहे, आणि ख्रिस्ती म्हणून मला ते लपवायचे नाही. स्टीफन्सच्या ओव्यांचे कौतुक करताना त्या देवळांविषयी गप्प बसणारी भाषणे मला आवडत नाहीत. तरीही एक गोष्ट मी पुनःपुन्हा ताडून पाहिली आहे. ज्या परंपरेला बाहेर काढायचे होते तिचाच छंद घेतल्यावर त्या छंदाने घेणाऱ्यालाच बांधून घेतले. ओवीत लिहायचे म्हटल्यावर लिहिणाऱ्याला श्रोत्याला शेजारी बसवावे लागते, दृष्टांत द्यावे लागतात, रागावण्याआधी समजावून सांगावे लागते. ओवी तशीच चालते. स्टीफन्सनी मराठीची स्तुती केली ती उगाच नव्हे. रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी, असे म्हणणारा माणूस ती भाषा नुसती वापरत नव्हता, तिच्या ताब्यात गेला होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातल्या लोकांच्या बोलीवरच बंदी घालणारा हुकूम काढला. त्या सत्तेची रीत आणि या पुराणाची रीत एक नाही, हे ओवी म्हणणाऱ्याला कळते.

ओवीचे दुसरे घर जाते. माझी आजी पहाटे दळायला बसली की 'पयली माझी ओवी' म्हणून सुरू करी. पहिली ओवी देवबापाला, दुसरी येशूला, तिसरी माहेरच्या माणसांना, पुढे भाऊ, भाचरे, शेजारीण, कुणाची आजारी गाय. हे तिला कुणी शिकवले नव्हते. भोवतालच्या सगळ्या बायका म्हणत तसेच ती म्हणत होती, फक्त पहिल्या दोन ओव्यांतली नावे तिची होती. मध्यस्थीची प्रार्थना कशी असावी यावर मी पुढे बरीच प्रवचने ऐकली. पण देवापासून निघून एकेका ओवीत घरापर्यंत, गोठ्यापर्यंत येणारी ती प्रार्थना मला अजून कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालेली नाही. ओव्या मोजत म्हणायची रीत असल्यामुळे तिला कुणाला वगळता येत नसे. एखादीचे नाव राहिले तर दळण संपत आले तरी ती आणखी मूठभर दाणे घाली.

हे फक्त मराठीत घडते असेही नाही. स्टीफन्सच्याच काळातला, त्यांच्याहून वयाने बराच लहान असा जॉर्ज हर्बर्ट नावाचा इंग्रज कवी पुढे त्याच विल्टशरमध्ये पाळक झाला. त्याच्या कविता १६३३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, पुस्तकरूपाने आल्या. त्यात पुनरुत्थानाच्या सणाची एक कविता पंखांच्या आकारात छापली आहे. माणसाचे ऐश्वर्य घटत जाते तशा ओळी लहान होत जातात, पार दोन शब्दांवर येतात, आणि 'तुझ्यासंगे' असे म्हणताच पुन्हा रुंद होऊ लागतात. पतन आणि उत्थान डोळ्यांना आधी दिसते. आमच्या स्टीफन्सनी हेच कानासाठी केले. त्यांच्या श्रोत्यांतले बहुतेक पुस्तक हातात धरणारे नव्हते, समोर बसून ऐकणारे होते.

आता टिळकांकडे येते, आणि ज्यासाठी खरे तर लेखणी उचलली त्या गोष्टीकडेही.

टिळक आपल्या कोकणचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा त्यांचा जन्म. १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे वाक्य सगळे जण भाषणात घेतात, पण तो सेतू कशाचा होता, हे कुणी पाहत नाही. मला वाटते तो अभंगाचा होता, अगदी त्याच्या अक्षरगणनेसकट. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां.' सहा, सहा, सहा आणि चार. मधल्या दोन चरणांना यमक, शेवटचा चरण आखूड आणि मोकळा. आणि शेवटच्या कडव्यात 'तुका म्हणे'. टिळकांच्या अभंगांत या जागी 'दास म्हणे' येते.

ही नाममुद्रा म्हणजे कवीची सही, कविता कुणाची ते कळावे म्हणून, असे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. तेवढ्यापुरते ते बरोबरच आहे. पण उपासनेत ती मुद्रा आणखी एक काम करते. अभंगभर देवाची स्तुती चाललेली असते, उपदेश असतो, तळमळ असते. कोण बोलते आहे ते मागे राहिलेले असते. शेवटच्या कडव्याला माणूस पुढे येतो आणि आपल्या नावावर ते सगळे घेतो: हे मी म्हणतो, तुका म्हणतो. आमच्या मंडळ्यांत 'साक्ष देणे' म्हणून एक प्रकार आहे. उपासनेत कुणी तरी उठतो आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. साक्ष निनावी चालत नाही. अभंगातली मुद्रा म्हणजे ही साक्षच. टिळकांनी ती ओळखली आणि स्वतःचे नाव न घालता 'दास' घातले. बायबलातली प्रेषित पौलाची पत्रे उघडून पाहा. रोमकरांस लिहिताना तो स्वतःची ओळख ख्रिस्त येशूचा दास अशी करून देतो. इकडे आपल्याकडे समर्थांचे नावच रामदास. नवविधा भक्तीत दास्य हा एक प्रकार. टिळकांच्या त्या दोन अक्षरांत पौलही आहे आणि समर्थही आहेत, आणि शिवाय गाणारा प्रत्येक जण आहे, कारण 'तुका' मी होऊ शकत नाही, 'दास' मात्र मला होता येते. मंडळी 'दास म्हणे' गाते तेव्हा ती टिळकांची सही उरत नाही, ज्याच्या त्याच्या नावाने साक्ष होते. एका कवीने एका मुद्रेत केवढे ठेवले आहे! मला तर हे टिळकांच्या सगळ्या कामातले सर्वांत मोठे काम वाटते.

आणि हीच मुद्रा आता गाळली जाते आहे. अलीकडे एका कार्यक्रमाला गेले होते. कोणत्या संस्थेचा ते सांगत नाही, माणसे भली आहेत आणि मुले मेहनतीने गात होती. हाती गीतांची पुस्तिका दिली होती. टिळकांच्या अभंगांत 'दास म्हणे' जिथे जिथे होते तिथे 'प्रभू येशू' छापले होते. अक्षरे मोजली तर चाराला चार, ठेका कुठेही अडत नाही. वरवर पाहता भक्ती वाढलीच म्हणायची. मी कार्यक्रमानंतर विचारले. उत्तर मिळाले की आजच्या मुलांना 'दास' हा शब्द आवडत नाही, शिवाय मध्येच हा कोण बोलतो ते त्यांना कळत नाही.

कळत नसेल तर सांगायला हवे, पुसायला नको. त्या चार अक्षरांच्या अदलाबदलीने काय झाले पाहा. अभंगाच्या शेवटी जो माणूस उभा राहायचा तो नाहीसा झाला. त्याच्या जागी देवाचेच नाव आणखी एकदा आले. ज्याला सांगायचे तोच सांगणारा झाला. पुढची क्रियापदे 'मी'ची, म्हणजे मी शरण आलो, मी पाहिले, मी मागतो. आता ती कुणाच्या तोंडची मानायची? मुले गात होती ते व्याकरणानेसुद्धा उभे राहत नव्हते, पण चाल गोड होती म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. आणि 'दास' हा शब्द आवडत नाही म्हणता, तर दलित घरांतून आलेल्या आमच्या कित्येक कुटुंबांना त्या शब्दाचा काच खरोखरच जाणवतो, हे मी नाकारत नाही. त्यावर मोकळेपणाने बोलावे. ख्रिस्ताने स्वतः दासाचे रूप घेतले असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो. शिष्यांचे पाय त्याने धुतले. हे समोर ठेवून मुलांना विचारावे, तुम्हांला काय वाटते? ती बोलतील, भांडतीलसुद्धा. मला ते चालेल. पुस्तिकेत गुपचूप शब्द बदलल्याने मात्र ही चर्चाच बंद होते.

त्याच कार्यक्रमात अभंगाला गिटारची साथ होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेटीही आपल्याकडे बाहेरूनच आली. पण चालीत प्रत्येक कडव्याचा चौथा, चार अक्षरी चरण ताणून सहा अक्षरांएवढा केला होता. चारही चरण सारखे झाले आणि अभंग सपाट झाला. धुमाळी तालात गाताना या आखूड चरणानंतर जी जागा सुटते तिथे टाळ एकटा ऐकू येतो, आणि टाळकऱ्यांच्या मागे बसलेली माणसे तिथे ध्रुवपद उचलतात. ती जागा भरून टाकली तर लोकांनी शिरायचे कुठून? ऐकणारे मग ऐकणारेच राहतात. त्या दिवशी सभागृहात तेच झाले. मुले गात होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

ध्रुवपदाचा विषय निघाला म्हणून बायबलातल्या स्तोत्र १३६ विषयी लिहिते. या स्तोत्राची सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे: त्याची दया सनातन आहे. पूर्वार्ध एकाने म्हणायचा, उत्तरार्ध सगळ्यांनी, हे वेगळे सांगावेच लागत नाही. हिब्रू कवितेत यमक हे मुख्य नव्हे, तिथे विचाराला विचार जोडून येतो. पण या स्तोत्रात पालुपद आहे, आणि भजनात वाढलेल्या आम्हां कोकणी माणसांना ते लगेच आपले वाटते. देवाने आकाश केले, पृथ्वी पाण्यावर पसरली, सूर्य केला, चंद्र केला, इस्राएलाला मिसरातून काढले, थोर राजांना मारले, आणि प्रत्येक वेळी त्याची दया सनातन आहे. राजांच्या वचनाशी माझी जीभ नेहमी अडते. मारले आणि दया, हे एका श्वासात कसे म्हणू? पण पालुपद मला सूट देत नाही. सोपी वचने आणि अवघड वचने दोन्हींना ते सारखेच चिकटलेले आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ झाले. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसे समुद्रावरून परतली नव्हती. त्यानंतरच्या रविवारी वडिलांनी हेच स्तोत्र काढले. मला ते अयोग्य वाटले होते, आजही पुरते योग्य वाटते असे नाही. पृथ्वी पाण्यावर पसरली हे वचन आले तेव्हा उत्तरार्ध म्हणायला निम्म्या लोकांचा आवाज फुटला नाही. ज्यांचा फुटला त्यांनी म्हटले. पुढच्या वचनाला आणखी काहींनी म्हटले. एकट्याने म्हणायची प्रार्थना असती तर ती तिथेच संपली असती. पालुपदाची कविता असल्यामुळे ज्याला म्हणवत नव्हते त्याच्यासाठी दुसऱ्याने म्हटले. विश्वास हा असाही असतो, वाटून घेतलेला, हे मला कुठल्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात इतके स्पष्ट वाचायला मिळाले नव्हते. स्तोत्रकर्त्याने ते पालुपद गाळून सव्वीस सलग वाक्ये लिहिली असती, तर वडिलांनी त्या दिवशी ते काढलेच नसते.

बायबलमध्येच याहून कठीण उदाहरणही आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेली विलापगीते पाच आहेत. पहिल्या चारांत हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने वचने सुरू होतात, जणू दुःखाला अक्षरांच्या कठड्याने धरून ठेवले आहे. पाचव्यात वचने बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटला आहे. भाषांतरात हे दिसत नाही. आमच्या पाळकांनी त्या अध्यायांवर बोलताना एवढे जरी सांगितले तरी ऐकणारा ते पाचवे गीत वेगळ्या कानाने ऐकेल.

लेखकमहाशयांना माझे म्हणणे इतकेच आहे की आशय आणि पोशाख ही जोडी त्यांनी सोडून द्यावी. स्टीफन्सची ओवी ज्ञानदेवांकडून चौथा चरण घेते, टिळकांचा अभंग तुकोबांकडून मुद्रा घेतो, आणि घेतल्यावर दोघांची प्रार्थना इंग्लंडमधल्या किंवा अमेरिकेतल्या प्रार्थनेसारखी राहत नाही. तिच्यात नमन आधी येते, श्रोत्याला जागा मिळते, शेवटी दास उभा राहतो. मराठी ख्रिस्ती माणसाचा देवाशी असलेला व्यवहार या गोष्टींनी घडलेला आहे. माझा तरी घडलेला आहे.

आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. यापुढे पुरवणीत ओवी किंवा अभंग छापाल तेव्हा चरण तोडून छापा, मग तो कुणाचाही असो. जागा कमी असेल तर दोनऐवजी एकच ओवी द्या, पण तिच्या चार ओळी द्या. दुसरी, त्या लेखातल्या दोन ओव्या मी वर लिहून पाठवल्या आहेत त्याप्रमाणे पुढच्या अंकात पुन्हा छापता आल्या तर बरे होईल. पुष्कळ शाळांत पुरवणीची कात्रणे फलकावर लावतात, आणि मुले पाहतात तशीच उतरवून घेतात. तिसरी विनंती खरे तर आमच्याच मंडळ्यांना आणि गीतपुस्तिका काढणाऱ्यांना आहे, ती आपल्यामार्फत पोहोचवावी. 'उपासना संगीता'च्या जुन्या प्रती अजून पुष्कळ घरांत आहेत. अभंग त्यांतून उतरवून घ्या, मुद्रा जशी आहे तशी ठेवा, आणि चाल बसवायच्या आधी गावातल्या एखाद्या भजनी बुवांना एकदा ऐकवा.

या गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पडवीत रोज संध्याकाळी ख्रिस्तपुराणातली ख्रिस्ताच्या दुःखसहनाची पाने म्हणायची असे ठरवले आहे. शाळेतली काही मुले येणार आहेत, वाडीतल्या भजन मंडळाचे दोघे पखवाज आणि झांज घेऊन येतो म्हणाले आहेत. आपल्या लेखकांना वेळ झाला तर त्यांनी जरूर यावे. पुलाच्या अलीकडे उतरून कुणालाही विचारले तरी घर दाखवतील.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग